सरकारजमा मध

बाबा, काल अहेरीच्या पुढे शाळेतल्या मित्राच्या घरी गेलो होतो. तोच, ज्याच्या वडिलांना तुम्ही एकदा नाक्यावर दिवसभर बसवून ठेवलं होतं. तुम्हाला ते आठवायचं कारण नाही. तुम्ही नाकेदार, जंगल राखणं तुमचं काम, तुमच्यापुढे किती माणसं उकिडवी बसली असतील. मला मात्र तो एकच माणूस आठवतो, कारण त्याचा मध मी खाल्ला आहे.

मित्राची दोन एकर धानाची बांधी आहे. धान कापून झालं की तिच्यात लाखोळी आणि जवस. घरामागच्या वाडीत वांगी, वाल, पपई, आणि कुंपणालगत मधमाश्यांच्या आठ लाकडी पेट्या. रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात, त्यांची लाल धूळ उडते, म्हणून सगळ्या पेट्यांची तोंडं त्याने शेताकडे केली आहेत. मी लांबच उभा राहिलो तर म्हणाला, "काऊन भेऊन राह्यला बे? चावली तं बातमी लिहिजो." गोवरीचा धूर देऊन त्याने झाकण काढलं आणि वरच्या खणातल्या मधाने भरलेल्या चौकटी दाखवल्या. खालच्या खणात अंडी-पिल्लं असतात, तिथला मध तो घेत नाही. ही सवय वडिलांची, असं त्याने सांगितलं. ते झाडावरचं मोहोळ काढायचे तेव्हाही मधाचा भाग तेवढा कापायचे आणि पिल्लांचा फांदीवर तसाच सोडायचे.

अशा माणसाला तुम्ही चोर म्हणालात. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मध घेऊन तो आठवडी बाजाराला निघाला होता. तुम्ही डबा उतरवून घेतला, त्याला उन्हात बसवलं आणि संध्याकाळी सोडताना सांगितलं की माल सरकारजमा झाला. पंचनामा नाही, कागदाचा चिटोरा नाही. दिवेलागणीला तोच डबा आपल्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी आहे. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही माझ्या ताटात मधाची वाटी सरकवता. मी विचारतो, हा त्यांचाच ना? तुम्ही म्हणता, "जेवताना बोलू नये." मी खातो. त्याच वर्षी माझ्या खिशात शाळेतला खडू सापडला, तेव्हा तुम्ही मला वर्गापुढे उभं करून गुरुजींची माफी मागायला लावली होती. मला खडू परत करायला शिकवून तुम्ही डबा ठेवून घेतलात, याची चीड अजून जात नाही. आता गावांना मध, मोह, तेंदू गोळा करण्याचा हक्क कागदावर मिळाला आहे. तो कागद बघायला मित्राचे वडील राहिले नाहीत.

चहा पिताना मित्रानेच विषय काढला. मला वाटलं, आता ऐकवेल, आणि ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माह्या बापाले दिवसभर उन्हात बसवलं, ते खरं. पण मध सरकारजमा केला. दुसरा असता तं घरी नेला असता. बाप मरेपर्यंत म्हणे, मानूस कडक, पण सच्चा." मग माझ्याकडे बघून विचारलं, "सच्चा होता ना गा?"

मी हो म्हणालो.

बातम्यांच्या कामात माझी तीस वर्षं गेली, दुसऱ्यांनी दडवलेलं शोधून छापण्यात. हो म्हणायला मला घोटभर चहाचाही वेळ लागला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्याकडून खोटं वदवून घेता. तुम्ही लुटलेल्या माणसाने तुमचं नाव राखलं, त्याच्या मुलाने ते जपलं, आणि आपल्या बापाचा मध निदान चोराने नेला नाही एवढाच त्यांचा दिलासा. तो मोडायचा की ठेवायचा, हे तुम्ही माझ्यावर टाकून गेलात. मोडला तर मित्र जाईल, आणि नाही मोडला तर त्याच्या वाडीत मी दर वेळी खोटारडा म्हणूनच बसणार.

हे पत्र कुठे जाणार नाही. खरं सांगायचं तर मी ते त्याच्यासाठी लिहायला बसलो होतो. आधी त्याचंच नाव लिहिलं होतं. ते खोडून 'बाबा' केलं, कारण तुम्ही वाचणार नाही.