श्टायगरच्या दातांसाठी कडक पाव

बुधवार, १ मार्च २०२३, संध्याकाळ

आधी एक दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत श्टायगरचं वजन २१४० ग्रॅम लिहिलं आहे. ते चूक. मी त्याला टॉवेलसकट तोललं होतं. आज टॉवेल वेगळा तोलला. सशाचं खरं वजन १९८० ग्रॅम. चुकीची नोंद ठेवून मला झोप येत नाही. नगरपालिकेत दिवसभर बालवाडीचे प्रवेश अर्ज तपासते. लोकांना पोटच्या पोराची जन्मतारीख धड लिहिता येत नाही.

चार दिवस श्टायगरची हनुवटी ओली होती, ती लाळेनं. डॉक्टर तेकीनबाईंनी तोंड उघडून पाहिलं. डावीकडची खालची एक दाढ मुळापासून गेली आहे. बाकीच्या वाकड्या वाढून जिभेला टोचतात. शुक्रवारी एक काढायची, बाकीच्या घासायच्या.

खायला काय देता, म्हणाल्या. मी ही वहीच उघडून दाखवली. वाळलं गवत, पाला, आणि रोज चाळीस ग्रॅम वाळवलेला काळा पाव, चांगला कडक, दात झिजावेत म्हणून. त्या म्हणाल्या, पाव बंद करा. गवत रवंथ केल्यासारखं चावून दात झिजतात, पावाचा तोंडात लगेच लगदा होतो. हे बोलताना त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या. कॉम्प्युटरकडे बघून बोललेलं वाक्य सल्ल्यात धरायचं का, हा प्रश्नच आहे. वय असेल बत्तीस. आमच्याकडे आजोबांपासून ससे आहेत आणि एकाचेही दात कधी बिघडले नाहीत.

माझा संशय गवतावर. ते शेजारच्या पॉटब्रोककडून येतं.

गुरुवार, २ मार्च

दवाखान्यातून सूचनांचा कागद आला. दोन पानं, तीन चुका. एक स्वल्पविराम, एक तारीख, आणि तिसरी भयंकर: "शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये." ठेवू *नये*! बाबांचं पित्ताशय काढलं तेव्हा आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद होतं. पेन्सिलीनं "नये" खोडून "ठेवावे" केलं. असे कागद बाहेर जातातच कसे?

सहा वाजता श्टायगरचं गवत काढून घेतलं. तो मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. तसा उभा राहतो म्हणूनच बाबांनी त्याचं नाव श्टायगर ठेवलं, खाणीतला मुकादम. बारा माणसं काम करत असतील तर तेरावा असाच उभा असायचा म्हणे.

शुक्रवार, ३ मार्च

दुरुस्त केलेला कागद मी तेकीनबाईंना दिला. त्यांनी वाचला, मग मला वाचलं. म्हणाल्या, सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भूल देताना पोट रिकामं असायची गरज नसते. उलट सशाचं आतडं थांबलं की ससा थांबतो. मग त्याला आधी भरवलं आणि शस्त्रक्रिया तीन तास पुढे गेली. वेळेचं नियोजन म्हणून काही असतं, पण कोणाला सांगणार.

दाढ काढली. डबीत घालून दिली. एवढीशी दाढ, मूळ मात्र लांबलचक आणि काळं.

शनिवार, ४ मार्च

आजपासून माझी पद्धत. दर चार तासांनी औषधी भुकटी पाण्यात कालवून सिरिंजनं भरवायची, एका वेळेस वीस मिलीलीटर. शिवाय दुखण्याचं औषध, आतड्याचं औषध, वजन, लेंड्यांची मोजणी. ऑफिसात आठवड्याची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "कुटुंबातील सदस्याची शुश्रूषा" लिहिलं. सदस्याची जात विचारलेली नाही.

सकाळ: सशात चार मिली, माझ्या बाहीवर नऊ, पडद्यावर उरलेलं. लेंड्या शून्य.
दुपार: सशात अकरा. लेंड्या शून्य.
संध्याकाळ: सशात सतरा. लेंड्या सहा, मिरीएवढ्या. मी टाळ्या वाजवल्या. मग खिडकी बंद केली, कारण पॉटब्रोक बागेत होता.

हा पॉटब्रोक आमच्या कॉलनीच्या ससेपालक मंडळाचा अध्यक्ष. खिडकीत अकरा चषक. सशांना नावं ठेवत नाही, नंबर देतो, आणि नाताळात ते नंबर लाल कोबीबरोबर खातो. अशा माणसाचं गवत!

रविवार, ५ मार्च

तीनला बाबा आले. दर रविवारी तीनला, कॉफी आणि केकसाठी, हातात कापडी पिशवी. पिशवीत आठवडाभराचे पावाचे तुकडे, हीटरवर वाळवलेले, सगळे एका मापाचे. आई गेल्यापासून हे त्यांचं काम.

मी लहान होते तेव्हा पाव उलट्या दिशेनं यायचा. बाबा खाणीतून येताना डब्यात एक तुकडा राखून आणायचे आणि मला सांगायचे, पोरी, वाटेत ससा भेटला, माराइकेला द्या म्हणाला. त्याला कोळशाचा वास असायचा. आईच्या ताज्या पावाला मी तोंड लावत नसे, पण सशाचा पाव चुऱ्यासकट खात असे. अक्षरं आणि बेरीज बाबांनीच शिकवली, शाळेच्या दीड वर्ष आधी, स्वयंपाकघरात, तेच तुकडे मांडून. पुढे शाळेत बाई काही सांगायच्या ते मी घरी बाबांना विचारून मगच खरं धरायचे.

बाबा पिंजऱ्यापाशी बसले. म्हणाले, बिचारा मुकादम, पेन्शनीत निघाला! दाढा नुसत्या ठेवल्या की अशाच जातात पोरी, चावायला कडक लागतं. बरा झाला की दुप्पट दे.

तेकीनबाईंचं म्हणणं मी सांगितलं नाही. बाबांनी अजून कोट काढला नव्हता. नंतर काढला, पण तोवर विषय केकचा चालला होता.

मंगळवार, ७ मार्च

विजय! श्टायगरनं आपणहून गवत खाल्लं. लेंड्या ६४. वजन २०१०. तेकीनबाई फोनवर म्हणाल्या, छान, असंच चालू द्या, फक्त गवत. पद्धत माझी, शाबासकी गवताला.

दाढांचा व्यायाम गुरुवारपासून सुरू. दहा ग्रॅमच. चाळीसवरून दहा म्हणजे पंचाहत्तर टक्के बंद. सल्ला बऱ्याच अंशी पाळल्यासारखाच.

गुरुवार, ९ मार्च

दहा ग्रॅम पाव दिला. केवढ्या आनंदानं खाल्ला! ज्याला त्रास होतो तो प्राणी असा उडी मारून येतो का? संध्याकाळी आणखी दहा.

शुक्रवार, १० मार्च

खात नाही. कोपऱ्यात पाठ वाकवून बसला आहे. पोट फुगलेलं. लेंड्या शून्य.

तेकीनबाईंनी पोट दाबून पाहिलं, सुई दिली, विचारलं, काल काय खाल्लं? मी म्हणाले, गवत. हे खोटं नव्हतं. गवतही खाल्लं होतं.

पुन्हा म्हणाल्या, बाकी काही? मी म्हणाले, गवत शेजाऱ्याचं आहे.

शनिवार, ११ मार्च

पॉटब्रोककडे गेले. लेखी तक्रार नेली होती, चार मुद्द्यांची. त्यानं ती वाचली नाही. गवत नाकाशी धरून हुंगलं, माझ्याही नाकाशी धरलं. म्हणाला, हे तुम्ही स्वतः खाल्लंत तरी काही व्हायचं नाही. पाव घालता का?

मी म्हणाले, अर्थातच. आजोबांपासून घालतो. आमच्या एकाही सशाचे दात बिघडलेले नाहीत.

तो हसला, आणि फार वेळ हसला. म्हणाला, अहो बाई, तुमचे आजोबा आणि माझे वडील एकाच पाळीला खाणीत उतरायचे. दोघांचे ससे पावावर पोसलेले, कारण पावानं चरबी चढते. वसंतात जन्मायचे आणि नाताळात ताटात. दात बिघडायला ससा तेवढा जगायला नको का?

मी म्हणाले, आमच्याकडे नाताळात कोंबडी असायची.

तो म्हणाला, किती पायांची?

तक्रार परत घेऊन आले. दुसऱ्या मुद्द्यात एक शब्द चुकला होता, नाहीतर दिली असती.

रविवार, १२ मार्च, सकाळ

दुरुस्ती. परवाच्या नोंदीत "हे खोटं नव्हतं" असं लिहिलं आहे. ते खोटं होतं. वीस ग्रॅम पाव. तेकीनबाईंना सगळं ईमेलनं कळवलं, वजनासकट.

आज बाबांना सांगायचं. ते दारात आले की लगेच, कोट काढायच्या आत.

संध्याकाळ

सांगितलं नाही. बाबांनी दारातच पिशवी उघडून दाखवली. या वेळचे तुकडे अगदी बारीक होते. म्हणाले, एक दाढ कमी झाली ना त्याची, म्हणून लहान केले. दोन संध्याकाळी लागल्या, सुरी बसत नाही आता हातात नीट.

मी म्हणाले, छान झालेत.

बुधवार, १५ मार्च

श्टायगर गवत खातो आहे. लेंड्या ८८, टपोऱ्या. तेकीनबाईंचं उत्तर आलं: खरं सांगितलंत, बरं केलंत. या वेळी आतडं वेळेवर सुरू झालं. पाव पुन्हा पोटात गेला आणि पुन्हा थांबलं, तर तो वाचेलच असं मी सांगू शकत नाही.

या वाक्यात एकही चूक सापडली नाही. तीनदा तपासलं.

पावाचं काय करायचं? टाकता येत नाही. आमच्या घरात पाव जमिनीवर पडला तरी उचलून फुंकर मारायची पद्धत. पॉटब्रोकला देणं शक्य नाही, मान असतो माणसाला. सध्या मी कॉफीत बुडवून खाते आहे. रोज पंधरा तुकडे. आधीच्या पिशवीतले मोठेही आहेत. रविवारपर्यंत संपतील. चव ओळखीची आहे, कोळसा तेवढा नाही.

शुक्रवार, १७ मार्च

आज घाई होती म्हणून एक मोठा तुकडा न बुडवता खाल्ला. उजवीकडची वरची दाढ तुटली. अर्धी हातात आली. श्टायगरच्या डबीतच ठेवली.

दंतवैद्य सोमवारची वेळ देतो म्हणाला. त्यानं विचारलं, काय चावत होतात? मी म्हणाले, पाव. या वेळी पूर्ण उत्तर दिलं. बाबांना फोनवर दाढ तुटल्याचं तेवढं सांगितलं, कशानं ते नाही.

रविवार, १९ मार्च

गाल सुजला आहे. आज सांगायचंच, असं ठरवून केक मऊ आणला.

बाबा आले. दोन पिशव्या. माझ्या गालाकडे बघून म्हणाले, बघ, तू पण! लहानपणी पावाच्या कडक कडा ताटाखाली लपवायचीस, मला काय दिसत नव्हतं? आता भोग. म्हणून एक पिशवी त्याची, एक तुझी.

मी तोंड उघडलं. तोवर बाबा गुडघे टेकून खाली बसले होते. त्यांना बसायला वेळ लागतो, पण पिंजऱ्याचं दार उघडायला लागत नाही. श्टायगर मागच्या पायांवर उभा, नाक थरथरतंय, आणि बाबांच्या बोटांत तुकडा.

मी झेप घेतली. तुकडा हिसकला. कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून तोंडात घातला. उजव्या बाजूला.

डोळ्यांतून पाणी आलं. बाबा गुडघ्यांवर तसेच, हात हवेत. श्टायगर उभाच, मुकादमासारखा, एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मग बाबा हळूच म्हणाले, भूक लागली होती तर सांगायचंस ना, पोरी.

टेबलाला धरून उठले आणि मला केकचा मोठा तुकडा कापून दिला. सांगता आलं नाही. तोंड भरलेलं होतं.

सोमवार, २० मार्च

दाढेवर टोपी बसवणार आहेत. श्टायगर २०९० ग्रॅम, टॉवेलशिवाय. लेंड्या १०३.

एक शेवटची दुरुस्ती. १ मार्चच्या नोंदीत लिहिलं आहे की पाव बंद करा म्हणताना तेकीनबाई कॉम्प्युटरकडे बघत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. कॉम्प्युटरकडे मी बघत होते.

आज पॉटब्रोककडे गेले होते. त्यानं सफरचंदाचं झाड छाटलं आहे. तेकीनबाई म्हणतात, सशाला कुरतडायला अशा डहाळ्या चालतात. मागितल्या. तो म्हणाला, घेऊन जा, पण तक्रार लिहायची तर आत्ताच लिहा, मला पाचला मीटिंग आहे. डहाळ्या वेड्यावाकड्या आहेत. एका मापाच्या कापायला कोणीतरी धीराचं माणूस हवं, आणि बोथट का होईना, सुरी हवी.

बाबांना फोनवर सांगता आलं असतं. आता घरीच असतील, पाव कापत. तीनदा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाले, सुजलंय का अजून? मी म्हणाले, कमी आहे. म्हणाले, या वेळी तुझे तुकडे जरा पातळ करतो.

तेव्हा समोरासमोरच सांगायचं. काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. पहिलं वाक्य तयार आहे: बाबा, कोट काढू नका. येत्या रविवारी उन्हाळी वेळ सुरू होते, घड्याळं एक तास पुढे जातात आणि बाबा दर वर्षी विसरतात. माझ्या घड्याळात चार वाजतील तेव्हा ते तीनला म्हणून येतील. तेवढा एक तास पाठांतराला जास्तीचा मिळतो.

ठरलं. रविवार, २६ मार्च २०२३, दुपारी तीन. म्हणजे चार.