दह्यात गायलेल्या गाण्याचा वारस

मी, गुल्व्हेन अबग्राल, वय सहासष्ट, व्यवसाय गाणे, राहणार लांदिव्हिझिओच्या बाहेर, ब्रतान्य, फ्रान्स, आज माझ्या स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि नोटरीबाई ते लिहीत आहेत. डॉक्टरांच्या मते माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत. डोके शाबूत आहे, फक्त तापलेले आहे. तापलेले डोके म्हणजे बिघडलेले डोके नव्हे, याची खात्री नोटरीबाईंनी मला चार प्रश्न विचारून करून घेतली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर मी इतके बोललोच नसतो.

नोटरीबाई मघाशी म्हणाल्या, "मेस्य अबग्राल, मृत्युपत्रात फक्त इच्छा लिहायच्या असतात, राग नाही."

"मग बाई, कोरा कागद घेऊन घरी जा."

त्यांनी लेखणी उचलली. मुलगी ब्रतान्यबाहेरची, तूर शहराकडची असली तरी शहाणी आहे.

कलम पहिले. नावाबद्दल.

रेक्स कॉल्बी नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही. माझ्या पहिल्या तबकडीच्या पाकिटावर छापले होते की रेक्सचा जन्म अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, बापाचे गुरांचे मोठे कुरण आणि आई लहानपणीच वारलेली. त्यातली गुरे तेवढी खरी. आमच्याकडे सात गायी होत्या आणि त्या इथल्याच चिखलात उभ्या असत. बाकी सगळे ल्युसियाँ ब्रेमाँ या माझ्या मॅनेजरने पॅरिसच्या एका कॅफेत बसून रचले. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि रॉक अँड रोल गायला मिळाले असते तर स्वतःला चिनी म्हणवून घ्यायलाही तयार झालो असतो. नवे नाव घेऊन घरी आलो तेव्हा आई बटाटे सोलत होती.

"रेक्स?" ती म्हणाली. "अरे, हे तर शेजारच्या फान्शच्या कुत्र्याचं नाव."

"आई, अमेरिकन आहे ते."

"कोण, कुत्रा?"

तो फान्श आज साक्षीदार म्हणून समोर बसला आहे. त्या कुत्र्याचा गळपट्टा त्याने अजून गोठ्यात खिळ्याला टांगून ठेवला होता. मी मागितला आणि त्याने दिला. तो पट्टा मी ल्युसियाँ ब्रेमाँ यांच्या नावे करतो. रेक्स त्यांनीच पाळला आणि त्यांनीच दारोदार फिरवला, तेव्हा पट्ट्यावर हक्क त्यांचाच. पोचवण्याचा खर्च माझ्या इस्टेटीतून करावा.

कलम दुसरे. घर, मोटार, शिल्लक.

माझा मुलगा टेडी याचा अर्धा हिस्सा मला कापता येत नाही. मी विचारून पाहिले. नोटरीबाई म्हणाल्या की या देशात बापाला मुलाला बेदखल करता येत नाही. मुलाला मात्र बापाला करता येते, त्यावर कायदा गप्प आहे. तर अर्ध्याऐवजी घर, मोटार, बँकेतले सगळे आणि गिटारसुद्धा तूच घे, असे टेडीला म्हणावे. तो गिटार विकेल. विकू दे. छपराचे पाणी उत्तरेकडच्या खोलीत गळते, तेही त्याचेच.

गिटारचे नाव निघताच दुसऱ्या साक्षीदार इव्हेत, ज्यांच्या कॅफेत मी गेली अकरा वर्षे उधारी न ठेवता पीत आलो, मध्येच बोलल्या, "गिटार माझ्या भिंतीला शोभली असती."

"साक्षीदाराला काही देता येत नाही, इव्हेत. कायदा आहे."

"मग मला कशाला साक्षीदार केलंस रे मेल्या? दुसरं कोणी मिळालं नाही?"

"खोटं न बोलणारं दुसरं कोणी मिळालं नाही."

त्या अजून घुश्शातच आहेत. हे लिहून ठेवावे.

कलम तिसरे. सोन्याची तबकडी.

माझ्या गाण्याच्या विक्रमी खपाबद्दल मिळालेली ही तबकडी गावच्या जुन्या शाळेला द्यावी. तिथे आता वाचनालय आहे. दारामागचा मोठा खिळा अजून जागेवर आहे, मी पाहून आलो. आमच्या वेळी त्या खिळ्याला एक लाकडी जोडा दोरीने लटकत असे. त्याला 'गाय' म्हणत. जो पोर ब्रेतॉन, म्हणजे आमची ब्रतान्यची भाषा, बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात मास्तर ती गाय अडकवीत, आणि संध्याकाळी ज्याच्या गळ्यात गाय तो संडास धूत असे. आमच्या घरात दुसरी भाषाच नव्हती. आईला फ्रेंचमध्ये फक्त पाद्र्याला नमस्कार करता येई. मी पहिले वर्षभर संडास धुतले. तबकडी त्याच खिळ्याला टांगावी. का, ते पुढच्या कलमात येते.

कलम चौथे. गाणे. यासाठीच हा सगळा खटाटोप.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे. इंग्रजी येत नसताना इंग्रजीसारखे काहीबाही तोंडातून काढून गाण्याला आम्ही दह्यात गाणे म्हणतो. तोंडात दही धरून बोलावे तसे ऐकू येते, म्हणून. तेव्हा आम्ही सगळेच दह्यात गात होतो. अमेरिकेहून तबकडी यायची, चाल उचलायची, शब्द मागाहून. 'दिस द गर्ल' या माझ्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला ध्रुवपदाचे शब्द तयारच नव्हते. वादक ताटकळलेले होते. ब्रेमाँ काचेमागून ओरडला, "अरे दह्यात गा काहीतरी! शब्द नंतर बघू!"

मी डोळे मिटले आणि तोंडातून आले ते असे: द्यूस दार गेर.

"वा!" ब्रेमाँ म्हणाला. "दिस द गर्ल! हे कुठलं इंग्रजी?"

"ओक्लाहोमाचं," मी म्हणालो.

सगळ्या फ्रान्सने ते इंग्रजी समजून डोक्यावर घेतले. पोरी किंचाळायच्या. पाकिटावर 'शब्द: ल्युसियाँ ब्रेमाँ' असे छापून आले. आणि ते काय होते? ते ब्रेतॉन होते. घरी ये. बस, एवढेच. रोज संध्याकाळी माझी आई, आना अबग्राल, फाटकात उभी राहून गायींना आणि आम्हा दोन पोरांना एकाच दमात हाक मारायची, ती हाक. फान्श सांगतो की रेडिओवर ते गाणे लागले की आमच्या गायी माना वळवून गोठ्याच्या दाराकडे बघायच्या. साऱ्या देशात त्या सात जणींनाच गाण्याचा अर्थ कळला.

ज्या शब्दांसाठी या देशाने माझ्या गळ्यात जोडा लटकवला, त्याच शब्दांसाठी त्याने मला सोने दिले, कारण ते परदेशी आहेत असे त्याला वाटले. याचा मला संताप येतो. चाळीस वर्षे येतो आहे. पण तो संताप मी गिळू शकलो असतो. पुढचा गिळता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर आमच्या पिढीच्या गाणाऱ्यांबद्दल एक कार्यक्रम झाला. ब्रेमाँ त्यात पांढरा सूट घालून बसला होता, आणि गंमत म्हणून सांगत होता, "ब्रेस्तला रेक्सचा कार्यक्रम होता, चौसष्ट साली. दारात एक खेडवळ म्हातारी, डोक्यावर ही एवढी लेसची टोपी. म्हणते, मी त्याची आई! मी म्हटलं, बाई, लोकनृत्य उद्या आहे. रेक्सची आई ओक्लाहोमात पुरलीय!" लोक खदखदून हसले. ब्रेमाँही हसला.

मला हे ठाऊक नव्हते. आई आली होती, हेच मला कोणी सांगितले नव्हते. माझी बहीण सोइझिक माझ्याशी बोलत नाही ते मी गाव सोडून मोठा झालो म्हणून, असे मी धरून चाललो होतो. इथे परत येऊन अकरा वर्षे झाली. तिचे शेत टेकडीपलीकडे आहे, पण ती कधी माझ्या दारात आली नाही. त्या रात्री टीव्ही बंद करून पडून राहिलो आणि उजाडताच तिच्याकडे गेलो. तिने दार अर्धेच उघडले.

"सोइझिक, मी सांगितलं नव्हतं त्याला तसं करायला. मला माहीतच नव्हतं."

"इतकी वर्षं लागली तुला टीव्ही लावायला?"

"तू होतीस तिच्याबरोबर?"

"होते. थिएटरच्या अंगणात भिंतीशी उभ्या होतो, बसची वाट बघत. आतून तुझं गाणं ऐकू आलं. आई म्हणाली, हा मला बोलावतोय की गाईला? आणि फिरली माघारी, दाराकडे. तू ये म्हणालास ना! त्या माणसानं पुन्हा हात आडवा केला. मग आली परत. बसमध्ये टोपी काढून मांडीवर धरून बसली."

"सोइझिक..."

"जा तू. गाईंचं दूध काढायचं राहिलंय."

आणि दार लावले. त्यानंतर आमचे बोलणे नाही.

आता टेडी. टेडीला हे सगळे मी फोनवर सांगायला घेतले होते, तेवढ्यात त्याचीच बातमी निघाली. एका दह्याच्या कंपनीला जाहिरातीसाठी 'दिस द गर्ल' हवे आहे. "पप्पा, ध्रुवपदाला काही अर्थच नाही ना! दह्यात गायलंय तर दह्यालाच विकू! काय चपखल बसतंय बघा!" मी फोन आपटला. अर्थ त्याला कळणार कसा, त्याला ब्रेतॉनचा एक शब्द येत नाही. मी शिकवला नाही म्हणून नव्हे; त्याने विचारले नाही म्हणून. अमेरिकन बापाची भाषा इंग्रजीच असणार, असे तो शाळेत सगळ्यांना सांगे.

नोटरीबाई सांगतात की गाण्याचे पैसे वारसांत वाटले जातात, पण गाण्याची अब्रू राखण्याचा हक्क वेगळा असतो. ते मोडू न देणे, विटंबना होऊ न देणे, त्यावर खऱ्या कर्त्याचे नाव लावणे. हा हक्क मृत्युपत्राने कोणालाही देता येतो, मुलाला वगळूनसुद्धा. इतक्या वर्षांत या देशाच्या कायद्याबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

तो हक्क मी माझी बहीण सोइझिक अबग्राल हिला देतो, एकटीला. दह्यावाले, चीजवाले, मोटारवाले, कोणीही दारात आले तर तिने त्यांना बाहेरच उभे करावे. हात आडवा करावा. ध्रुवपदाचे शब्द आना अबग्राल यांचे आहेत असे छापून घ्यावे आणि ब्रेमाँचे नाव काढावे. तो कोर्टात गेला तर जाऊ दे. फान्श साक्ष देईल. गायी असत्या तर त्यांनीही दिली असती.

तिला हे नको असेल तर ती नाही म्हणू शकते. पण मग ते गाणे दह्यात जाईल आणि आई पुन्हा दाराबाहेर राहील. बोलून टाकतो, मला याचीच भीती आहे. मरण्याची नाही.

कलम पाचवे. पुरणे.

दगडावर गुल्व्हेन अबग्राल एवढेच लिहावे. गिटार नको, चाहते नकोत, चामड्याचे जाकीट नको. कोणी 'रेक्स, रेक्स' ओरडले तर फान्शने शीळ घालून कुत्रा आला का ते पाहावे.

माझे सांगणे संपले.

नोटरीची नोंद: मी, क्लेमांस दोर्व्हाल, नोटरी, वरील मजकूर मृत्युपत्रकर्त्यांच्या तोंडून ऐकून लिहिला आणि कायद्याप्रमाणे त्यांना साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. कलम चौथे वाचताना मी ब्रेतॉन शब्द इंग्रजीसारखे उच्चारले. मृत्युपत्रकर्त्यांनी वाचन थांबवले. मी पुन्हा वाचले. साक्षीदार श्री. फान्श ले बिहान म्हणाले, "बाई, तुम्ही पण दह्यातच?" त्यानंतर मृत्युपत्रकर्त्यांनी, डॉक्टरांची मनाई असताना, टेबलाला धरून उभे राहून, उघड्या खिडकीकडे तोंड करून ते शब्द स्वतः पूर्ण आवाजात उच्चारून दाखवले.

श्री. ले बिहान यांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे गाडी चालवता येत नसल्याने श्रीमती सोइझिक अबग्राल त्यांना आपल्या व्हॅनमधून घेऊन आल्या होत्या, आणि इंजिन चालू ठेवून फाटकाबाहेर बसल्या होत्या. या वेळी इंजिन बंद झाले. श्रीमती अबग्राल चिखलाच्या बुटांनिशी दारात आल्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी या वाचनाला हजर राहू नये, असे मी त्यांना सांगितले.

त्या म्हणाल्या, "त्यानं बोलावलं म्हणून आले. करा हात आडवा."

मी हात आडवा केला नाही. त्या आत येऊन मृत्युपत्रकर्त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना साक्षीदार धरलेले नाही. उरलेले वाचन त्यांच्या उपस्थितीत पूर्ण झाले. यावर कोणाची हरकत असल्यास ती माझ्या नावे घ्यावी.

ठिकाण: लांदिव्हिझिओ. दिनांक: चौदा ऑक्टोबर दोन हजार आठ.

साक्षीदार: फान्श ले बिहान, शेतकरी.
साक्षीदार: इव्हेत प्रिजां, कॅफे चालक.
नोटरी: क्लेमांस दोर्व्हाल.
सही: गुल्व्हेन अबग्राल.

दुरुस्ती: सहीच्या जागी मृत्युपत्रकर्त्यांनी सवयीने आधी एक वेगळा शब्द लिहिला होता. तो त्यांनी स्वतः खोडला आहे. रेक्स हा एक शब्द रद्द समजावा.