गव्हर्नरच्या अडचणी

बाई, आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. इथे आखातात, बुसैतीनच्या आमच्या खोलीत खाटेवर बसून वहीच्या मागच्या पानावर मी हे लिहितो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी विचारायला दुसरं कोणी सुचलं नाही.

नववीच्या सहामाहीला तुम्ही प्रश्न घातला होता, इंग्रज गव्हर्नरपुढच्या अडचणी लिहा. मी गाइडमधले पाच मुद्दे उतरवले आणि प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ मारली. तुम्ही माझा पेपर वर्गापुढे धरलात. "शुद्धलेखन छान. पण अरे, हा माणूस होता की कपाट? परक्या मुलखात आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसायचं?" सगळे हसले. मला तुमचा राग आला. पुढच्या वर्षी माझी शाळाच सुटली.

आता मी जुने कागद स्कॅन करणाऱ्या कंपनीत आहे. सध्या एका गव्हर्नरच्या पत्रांच्या पेट्या चालू आहेत. इंग्रजी अडखळत वाचतो, पण वाचतो. हुकूम लंडनहून यायचा, बजावायचा यानं आणि लोकांचे शिव्याशाप घ्यायचे तेही यानंच. बहिणीला लिहितो, मी व्हरांड्यात आलो की गप्पा थांबतात. ज्या मुनशीनं त्याला तिथली भाषा शिकवली, त्यालाच काढण्याच्या कागदावर त्यानं सही केली. त्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे. पुढे हवामान.

मला मशीन शिकवलं ते चाचांनी. रत्नागिरीकडचे, वयानं वडिलांएवढे, माझ्याच खोलीत राहतात. चाचा, मी आणि खोलीतला आणखी एक जण, आम्ही तिघं वर्तमानपत्र अंथरून एकत्र जेवायचो. स्पेलिंग चुकत नाही म्हणून मार्चमध्ये मला सुपरवायझर केलं आणि त्या दिवसापासून माझं ताट वेगळं वाढलं जातं. "साहेबांना मधला तुकडा द्या रे," चाचा म्हणतात. हसतात, पण सरकून जागा करत नाहीत.

आमचा नियम असा, की एक गठ्ठा सोडायचा, स्कॅन करायचा, पुन्हा टाचायचा, मगच दुसरा. मंगळवारी चाचांनी अख्ख्या पेटीच्या गंजलेल्या टाचण्या एकदम काढल्या आणि दोनशे पानं एकमेकांत मिसळली. बहुतेकांवर तारीख नाही. मॅनेजर म्हणाले, "मला एक नाव लिहून दे." पुढच्या महिन्यात चाचांचा व्हिसा संपतो. नाव गेलं तर खलास. त्यांची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी काय करायला हवं, बाई?

स्वयंपाकघरातून चाचांची हाक येते आहे. "काय साहेब, इकडे येताय की ताट आत पाठवू? यल्ला, मासा थंड होतोय!" त्यांना अजून काहीच माहीत नाही.

हे पान फाडून ठेवीन. पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून खरं लिहितो. चाचांचं नाव घातलेला रिपोर्ट मी काल दुपारीच पाठवला. सोमवारी मॅनेजरनी मला झापलं, म्हणून मी चाचांना म्हणालो होतो, ही पेटी उद्याच्या उद्या संपवा, कशीही. रिपोर्टमध्ये ते वाक्य मी आधी लिहिलं होतं. मग काढून टाकलं.