एकटीने केलेला प्रवास

चि. प्रितेश,
अनेक आशीर्वाद.

मी आगाशीला सुखरूप पोचले, हे फोनवर सांगितलंच. जे बोलता आलं नाही, ते लिहिते आहे.

टोरंटोत तू मला वाचनालयातल्या त्या वर्गात घातलंस. डोळ्यांवर तो संगणकाचा मोठा चष्मा चढवला की समोर अगदी खऱ्यासारखी बस यायची. चुकीच्या थांब्यावर उतरले तरी कोणी हसायचं नाही. तिथेच मी बसने फिरायला शिकले, मग विमानतळावर वावरायलाही. "आई, आता तुला माझी वाट बघत बसायला नको," म्हणताना तू किती खूश होतास.

पण बाळा, चष्मा उतरवला की मला आपली वाडी आठवायची. तुझे बाबा पानवेलींना पाणी लावायचे आणि मी शेजारी सोनचाफा खुडायची.

काल शेजारच्या चंद्रकांतावहिनी आल्या. "जयवंती, किती दिवस आहेस?" त्यांनी विचारलं. "महिनाभर," मी म्हटलं. त्या गेल्यावर विहिरीच्या काठावर बसले, तेव्हा कळलं की मला परत यायचंच नाही.

तू एकटीने प्रवास करायला शिकवलंस, म्हणून मी घरी येऊ शकले. हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? हे पत्र माझ्या पेटीतच राहील. रविवारी तुझा फोन येईल, तेव्हा केळीला घड धरलाय, एवढंच सांगेन.

तुझी,
आई