रोपवेची रांग

वरची वाडी, ता. पोलादपूर
बुधवार, २० ऑगस्ट

प्रिय दीपेश,

नाव लिहिताना हात अडखळला. एकोणीस वर्षांत तुमचं नाव मी उखाण्यातच घेतलं, एरवी 'अहो' आणि 'समीक्षाचे बाबा' यावर भागलं. पण हे पत्र समीक्षाच्या बाबांना नाही, तुम्हाला आहे. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही काहीतरी सांगाल आणि मी 'बरं' म्हणून ठेवून देईन, तसं आता नको. अंगणवाडीतली पोरं घरी गेलीत. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि मी त्यांच्या चित्रांच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसलेय. पाकिटावरचा पत्ता बघून तुम्ही दचकला असाल. तो मला कसा मिळाला ते सांगणारच आहे, पण मला क्रमानं सांगू द्या.

यंदा सुट्टी कशी जुळून आली होती! शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, शनिवारी गोपाळकाला, त्याला लागून रविवार. पोलादपूरला हायवेवर गाड्यांची अशी रांग लागलेली की आंबेनळीच्या घाटाकडे वळायला लोकांना तास तास लागत होता. सगळी मुंबई-पुण्याची माणसं महाबळेश्वरला धुकं बघायला निघालेली. वाडीतले चाकरमानीही गुरुवारीच आले. रितेशनं मंडळाचे टी-शर्ट आणले, पिवळे, पाठीवर वाडीचं नाव. तुम्ही तेवढे आला नाहीत. 'पॅकिंगचं अर्जंट काम आहे, सुट्टी नाही,' म्हणालात. मी 'बरं' म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदनाला उभी असताना, पोरं राष्ट्रगीत म्हणत असताना, माझ्या डोक्यात आलं की पंधरा ऑगस्टला कोणती कंपनी चालू असते?

मी संशयी आहे हे तुम्ही लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतंत. असेन. पण संशय काही एका दिवसात येत नाही. शिमग्याला तुम्ही आलात तेव्हा तुमच्या निळ्या शर्टाचं एक बटण हिरव्या दोऱ्यानं लावलेलं होतं. तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. मग तुमच्या फोनची वेळ बदलली. आधी आठ वाजता, जेवण झाल्यावर यायचा. आता दुपारी तीनला येऊ लागला आणि मध्येच तुटू लागला. 'टॉवर नाही' म्हणायचात. आमच्या डोंगरात टॉवर नाही हे समजू शकतं, मुंबईत कसा नाही? जुलैत एकदा तुम्ही समीक्षाच्या अ‍ॅडमिशनचं विचारत होतात आणि मागून एका बाईचा आवाज आला, 'दादा, आधी जेवून घ्या.' तुम्ही पटकन 'ठेवतो' म्हणालात. मी त्या दिवशी पोरांना खिचडी वाढताना दोनदा मीठ घातलं. 'दादा' म्हणाली, हे मलाही ऐकू आलं होतं. पण संशयाला असलं काही ऐकू येत नाही.

गोपाळकाल्याच्या दिवशी देवळासमोर हंडी बांधली. दरवर्षी उंबराच्या फांदीवरून दोर तुम्ही ओढता, हंडी वर-खाली करून पोरांना रडकुंडीला आणता. यंदा दोर काशीराम भावोजींच्या हातात होता. पोरांनी पहिल्याच खेपेला हंडी फोडली. दही-पोह्यांचा काला वाटला, बायकांनी फेर धरला, सगळं झालं. पण 'दीपेश का आला नाय?' असं मला एकानंही विचारलं नाही. मागच्या वर्षी समीक्षा तापानं घरात होती तर दहा जणांनी विचारलं होतं. मला वाटलं, सगळ्या वाडीला ठाऊक आहे आणि मला नाही. मी रितेशला देवळामागे गाठलं. तो तुमच्याच खोलीवर राहतो, खोटं बोलला तरी तोंडावर दिसेल म्हटलं. तो टी-शर्टाचं टोक पिळत उभा राहिला. 'वहिनी, भाऊ आता खोलीवर नसतो. शिमग्याच्या आधीच गेलाय. कुठे ते मला विचारू नका, त्यानं शपथ घातलीय.' एवढं बोलून तो पोरांत मिसळला.

आणि तीन वाजता तुमचा फोन आला. हंडी कोणी फोडली, आईंनी उपास केला का, शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली का, सगळं विचारलंत. तुमचा आवाज दबलेला होता. मागे पाऊस होता, माणसांचा गलका होता. 'कुठे आहात?' म्हटलं तर 'कंपनीच्या कॅन्टीनमध्ये' म्हणालात. तेवढ्यात तुमच्या मागून कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, 'रोपवेची रांग इकडून! रोपवेची रांग इकडून!' फोन तुटला. तुम्हाला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही.

आपल्या भागात रोपवे म्हटलं की रायगड. तिथे कशाला गेला असाल, याचा विचार करायला मला वेळ लागला नाही. सुट्टीला माणसं जोडीनं फिरायला येतात, गडावर जातात, खाली पिठलं-भाकरी खातात, फोटो काढतात. बटण लावणारी, जेवून घ्या म्हणणारी, तिला घेऊन तुम्ही आलात. स्वतःच्या घरापासून दोन तासांवर आलात आणि मला कॅन्टीन सांगितलंत. मी हे सगळं मनात इतकं बारीक रचलं की त्या बाईची साडीसुद्धा मला दिसायला लागली. जांभळी होती.

रविवारी सकाळी आईंना सांगितलं की महाडला पोषण आहाराची मीटिंग आहे. रविवारी कसली मीटिंग, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे खोटं मीही बोलले, आणि मला ते तुमच्यापेक्षा सोपं गेलं. महाडला उतरून रायगडची एसटी धरली. पाचाडच्या पुढे गाडी हलेना, एवढी गर्दी. शेवटी उतरले आणि चालत हिरकणीवाडीला गेले. तोंडाला ओढणी, वर छत्री. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, पोरंटोरं रेनकोट घालून धबधब्याखाली नाचत होती, कोणी भाजलेली कणसं खात होतं. रोपवेच्या रांगेत मी एकेक तोंड बघत गेले. जोडपी बघत गेले. प्रत्येक जांभळ्या साडीपाशी छत्री मागे करून तोंड बघितलं.

तुम्ही रांगेत नव्हतात. तुम्ही निळ्या ताडपत्रीखाली चुलीसमोर उकिडवे बसला होतात आणि भाकरी थापत होतात.

मी समोरच्या टपरीच्या आडोशाला उभी राहिले. आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी आहे. घरी तुम्ही कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नाहीत. पण तुमचे हात मी ओळखते. परातीत भाकरी फिरवत होतात, अलगद उचलून तव्यावर टाकत होतात, वरून पाणी लावत होतात, घाई नाही, गडबड नाही. बाकावर पुण्याकडची पोरं बसली होती. त्यातलं एक म्हणालं, 'ओ काका, कांदा आणा की, किती वेळ?' तुम्ही 'आणतो साहेब' म्हणालात आणि उठलात. समीक्षाएवढं पोर होतं ते. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मग दुसऱ्या एका मुलीनं तुमच्या भाकरीचा फोटो काढला, म्हणाली, 'काका, कसली फुगलीय!' आणि तुम्ही हसलात. डोळे बारीक करून, खांदे हलवत. असं हसलेलं तुम्हाला मी किती वर्षांत बघितलं नव्हतं! बाईचा हेवा करायला मी पन्नास किलोमीटर आले आणि हेवा वाटला तो या हसण्याचा.

मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपाशी एक म्हातारी ताटं विसळत होती. हात धुवायचं निमित्त करून मी तिच्याजवळ गेले. आवाज ऐकला आणि ओळखलं, हीच ती फोनवरची. साठीच्या पुढची, एक दात पडलेला. बयाबाई, जिच्या टपरीचा पत्ता मी पाकिटावर घातलाय. मी म्हटलं, 'मावशी, भाकऱ्या बाप्यामाणसाच्या हातच्या? कुठले आहेत ते?' तिला बोलायला कोणीतरी हवंच होतं. 'पोलादपूरच्या वरचा हाय गो. मुंबयची कंपनी बंद झाली तवापासून हितंच हाय. आला तो पावण्यासारखा आला, जेवला आनि बसूनच राह्यला. शेवटची गाडी गेली तरी बसलेला. महाडला उतरलो, घराकडची गाडी धरवली नाय, म्हणतो. मंग मीच बोलले, बसलायस तर भांडी तरी घास.' मी विचारलं, घरी कोण आहे त्यांच्या? 'बायको हाय, पोरगी कालेजात हाय. घरी ठावं नाय. मी रोज सांगतंय, दादा, जा, बोल घरी. म्हणतो, मावशी, तिची मान गावात ताठ हाय, माझ्यापायी खाली जायला नको. काल त्याच्या गावचा काला होता. दिवसभर जेवला नाय बघ.'

बटण तिनंच लावलेलं असणार. मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली नाही, ते बरं झालं. उभं राहून रडता येत नाही. तुम्ही का बोलला नाहीत, त्याचं खरं मूळ मला बयाबाईनं सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी काशीराम भावोजी मुंबई सोडून वाडीला परत आले, त्या मे महिन्यात तुम्हीही आला होतात. नळावर चार बायका जमल्या होत्या आणि मी म्हणाले होते, 'मुंबईत टिकायला कंबर लागते. ती सगळ्या बाप्यांना नसते.' बायका हसल्या. मी आणखी म्हणाले, 'आमच्यांची कंपनी त्यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही.' वळून बघते तर तुम्ही मला बोलवायला मागे उभे. तुम्हीही हसलात तेव्हा. मला वाटलं, कौतुकानं हसलात. त्या कंपनीचा दरवाजा बंद झाला तेव्हा तुम्हाला माझं तेच बोलणं आठवलं असेल. आणि काशीराम भावोजी, ज्यांना मी बोलले, त्यांनी शनिवारी तुमच्या जागी दोर ओढला आणि मला एका शब्दानं टोचलं नाही. सोमवारी मी त्यांच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते तुम्ही आल्यावर सांगेन. पण गेले होते.

तुम्ही विचाराल, तिथवर आलीस तर चार पावलं पुढे का आली नाहीस? एक तर त्या पोरांसमोर तुम्हाला मला बघून उठावं लागलं असतं, हाताला पीठ तसंच. आणि दुसरं कारण मला आतापर्यंत लिहवत नव्हतं, म्हणून एवढी पानं भरली. शनिवारी तुमचा फोन तुटल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि आईंना सांगितलं की तुमच्या मुलानं तिकडे बाई ठेवलीय. खात्रीनं सांगितलं, डोळ्यांनी बघितल्यासारखं. त्या काला खात होत्या. वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'माझा पोर तसा नाय गो.' मी म्हटलं, 'आहे.' शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी तुमचा परत फोन आला तेव्हा त्या आल्या नाहीत, त्यांचा कान दुखत नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्याशी कसं बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. तुम्ही पुढच्या बुधवारी गणपतीला मुंबईहून आल्यासारखे याल, हसत आत शिराल आणि आई कदाचित तुमच्याकडे आधीसारखं बघणार नाहीत. का, ते तुम्हाला कळणार नाही. ते दारात कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुमची नोकरी गेली यात तुमचा गुन्हा काही नाही. मी तुमचं नाव तुमच्या आईपाशी घालवलं, तो गुन्हा माझा आहे. रविवारी घरी आल्यावर त्यांना सांगितलं की मी चुकले, तसं काही नाही. बाकी कंपनीचं, भाकरीचं काही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं, मी शेजारी बसेन. नंतर परत बयाबाईंकडे जायचं असेल तर जा, सुट्टीच्या दिवशी मीही येईन, मला घरच्यांपेक्षा जास्त माणसांच्या भाकऱ्या थापायचा कंटाळा नाही. आईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, 'मंग तो येतोय ना गो?' मी हो म्हणून बसलेय.

तुमचीच,
वैशाली