डाव्या मांडीवरचा डाग

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा वेल्डिंग (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. शिडीवरून पडल्यापासून कमरेखालचं काहीच ठिकाणावर नाही, पण कायद्याची त्याला हरकत नाही. याआधीचा माझ्या सहीचा कागद कोणी दाखवल्यास तो रद्द समजावा.

१. राहतं घर मुलीला द्यावं. मुलाचा त्यावर हक्क नाही. सोळाव्या वर्षी माझं नाक फोडून तो निघून गेला. त्याबद्दल राग नाही. त्या दिवशी मी त्याच्या आईचा दात पाडला होता. राग गेल्या महिन्याचा आहे. माझ्या डाव्या मांडीवरच्या भाजल्याचा फोटो काढून तो म्हणाला, "घर माझ्या नावावर करा, नाहीतर तुमच्या मुलीला तुरुंगात घालतो."

२. म्हणून त्या डागाची हकीकत लिहून ठेवतो.

मुलगी अकरा वर्षांची असताना तिच्या हातून माझ्या वेल्डिंगच्या मुखवट्याची काच फुटली. मी तिचा तळहात तापलेल्या लोखंडी पट्टीवर दाबून धरला. तिची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

त्याच हातांनी तिने तीन वर्षं माझं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी, लघवीची पिशवी, पाठ पुसून कोरडी करायची. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. मी मात्र हाताला येईल ते फेकायचो. त्या दुपारी ती इस्त्री करत होती. भात गार म्हणून मी ताट भिरकावलं, ते तिच्या कानाला लागलं. ती इस्त्री घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टेकवली. मला काहीच जाणवलं नाही. वास तेवढा आला.

"कळत नाही ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मला कळत होतं."

मग तिनेच इस्त्री उचलली आणि किंचाळत जाऊन सिस्टरला बोलावून आणलं.

३. सिस्टर म्हणजे आठवड्यातून तीनदा येणारी परिचारिका; जवळच तिचं शुश्रूषागृह आहे. गल्लीत तिला हवालदार म्हणतात. पहिल्याच दिवशी मी तांब्या मारून तिची भुवई फोडली होती, तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. म्हणाली, "हात चांगला चालतोय की! आता त्याच हाताने कठडा धरा आणि कुशीवर वळा." मी मुकाट्याने वळलो.

डाग धुताना तिने विचारलं, "कोणी केलं?"

"मीच."

"काका, इस्त्री तिकडे कोपऱ्यात होती. तुमचा हात पुरतो का तिथवर?"

तेव्हा मी त्या तापलेल्या पट्टीपासून सगळं सांगितलं. ऐकून तिने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघांनी एका छपराखाली राहायचं नाही. एखाद दिवशी एक जण मरेल."

त्यामुळे उद्यापासून मी तिच्या शुश्रूषागृहात राहायला जात आहे; न्यायला त्यांची गाडी येईल. मला कोणी हाकललेलं नाही. डागाबद्दल मुलीवर माझी तक्रार नाही आणि माझ्या मागे कोणी करू नये.

४. सिस्टरला काही द्यायचं म्हटलं तर अंगावर आली. म्हणून हवेची गादी आणि चाकाची खुर्ची तिच्या शुश्रूषागृहाला. वेल्डिंगची हत्यारं भंगारात घालावीत. कोणीही वापरू नयेत.

५. माझं प्रेत धुण्यापुसण्याची सक्ती मुलीवर नाही. तिला यावंसं वाटलं तर यावं. नाही आली तर कोणी तिला का म्हणून विचारू नये.

सही
ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: चौदा जून, सकाळी अकरा

साक्षीदार: १. तपासणारे डॉक्टर (सही) २. शेजारचा शिंपी (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही केली. मुलगी तोवर बाहेर होती. नंतर तिला आत बोलावून सगळं वाचून दाखवलं आणि काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, "उद्या गाडी किती वाजता येणार?"