नऊ अंगुळांची फट

नायगाव (पूर्व),
मंगळवार, दुपार

मित्रवर्य ॲन्सेल्म सर यांस,

पंधराव्या मजल्याच्या खिडकीतून, तुझी वाडी ज्या दिशेला असावी असा अंदाज आहे त्या दिशेला तोंड करून केलेला नमस्कार पोचावा. वाडीतली केळी, तुझा उजवा गुडघा आणि रोझलिनवहिनींची साखर या तिन्हींचं क्षेम कळव (क्रम तुझ्या काळजीचा लावला आहे, वहिनींना दाखवू नकोस). आमच्याकडे सर्व कुशल. जे कुशल नाही तेवढंच पुढे लिहितो. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. सव्वीस वर्षं शाळेच्या एकाच शिक्षकखोलीत बसून मी ते सोसलं. कागदावर मात्र तुला मुकाट्याने ऐकावं लागतं, आणि हे सुख मी सोडणार नाही.

आमची क्षितिजा बाळंत झाली हे तुला ठाऊक आहेच. मुलगी झाली. पाच आठवडे आधीच आली (ही घाई विनयाच्या माहेरची, आमच्या घराण्यात कोणी कुठे वेळेआधी पोचल्याचा दाखला नाही). जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅम. सतरा दिवस वसईच्या इस्पितळात नवजात बाळांच्या विभागात आहे. आता दोन किलो शंभर झाली, दूध ओढून पिते, आणि येत्या शनिवारी अकरा वाजता तिला घरी सोडणार आहेत. जावई सिद्धेश पुण्याहून शुक्रवारी येतील. पुढचे तीन महिने मायलेकी आमच्याकडे. नाव अजून ठरलेलं नाही. मी सतरा नावं सुचवली, सगळी व्युत्पत्तीसह. जावई नम्रपणे म्हणाले, ‘‘बाबा, हाक मारता येईल असं एखादं बघू या.’’

आता तू म्हणशील, नऊ महिने तुम्ही काय करत होतात? (आठ. वर लिहिलंच आहे.) तर आमच्यात बाळ यायच्या आधी बाळाचं काही घरात आणत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, साधा खुळखुळा नाही. विनयानं हा नियम इतका कडक पाळला, की शेजारच्या प्रिस्काबाई लोकरीचे मोजे विणून घेऊन आल्या तेव्हा तिनं त्यांना चहा दिला, मोज्यांचं कौतुक केलं आणि ते त्यांच्याच कपाटात ठेवायला परत पाठवले. शास्त्रात याला आधार कुठे सापडतो, असं मी एकदा विचारलं. ‘‘तुमच्या शास्त्राला कधी मूल झालंय का?’’ असं उत्तर मिळालं, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझ्याकडे भाष्य नाही. सांगायचा मुद्दा असा की बाळाच्या झोपण्याची सोय हा विषय आमच्या घरात बाळ जन्मल्यानंतरच काढता आला, आणि तेव्हा बाळ पाच आठवडे पुढे निघून आलं होतं.

क्षितिजा स्वतः चार दिवसांत घरी आली. पोटावर टाके आहेत, वाकता येत नाही, तरी रोज दोनदा रिक्षानं इस्पितळात जाते. तिथे बाळाच्या उशाशी एक यंत्र आहे, त्यावर बाळाचा श्वास हिरव्या रेघेत दिसतो. पोरगी दूध पाजते आणि बाळाकडे न बघता त्या रेघेकडे बघत बसते. परवा रिक्षात मला म्हणाली, ‘‘बाबा, घरी ती रेघ नसणार.’’ मी ‘रेघ म्हणजे केवळ चिन्ह, श्वास तर असतोच’ अशा अर्थाचं काहीतरी बोललो. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं तू माझ्याकडे पाहायचास, मी तुझ्या कार्यानुभवाच्या वर्गात रंधा उलटा धरला की. मग म्हणाली, ‘‘पलंगाला लागून तिचं अंथरूण हवं. मला उठायला लागता कामा नये. नुसता हात लांबवला की ती लागली पाहिजे. तरच मी झोपेन.’’ सतरा दिवस ती धड झोपलेली नाही, ॲन्सेल्म. तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी अटी लिहून दिल्या: बाळ आईच्या खोलीत, पण आईच्या गादीवर नाही. स्वतःचं अंथरूण, सपाट, टणक आणि रिकामं. पाठीवर निजवायचं. सूत्रवाङ्मयाला शोभेल असा हा मजकूर घेऊन मी वसई रोडच्या एका दुकानात गेलो. तिथल्या कॅरल नावाच्या बाईंनी मला एक रथ दाखवला. झालर होती, चारी बाजूंना मऊ लोड होते, वर गोल गोल फिरणारी तीन अस्वलं होती. ‘‘काका, यात म्युझिक पण आहे, आणि डोक्याची साइड वर उचलता येते.’’

‘‘सपाट राहतं का?’’ मी कागद बघून विचारलं.

‘‘सपाट कशाला, उचलून देते ना!’’

‘‘टणक आहे?’’

‘‘छे हो, हात दाबून बघा. लोण्यासारखं.’’

‘‘रिकामं मिळेल?’’

‘‘रिकामं म्हणजे?’’

‘‘उशी नको, लोड नको, झालर नको, अस्वलं नकोत.’’

कॅरलबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. ‘‘काका, मग मी विकू काय?’’

प्रश्न मार्मिक होता. शेवटी क्षितिजानंच मोबाइलवर शोधून एक साधं, एका बाजूची भिंत खाली उतरणारं, पट्ट्यांनी मोठ्या पलंगाला घट्ट बांधायचं बाळाचं अंथरूण मागवलं. त्याची उंची पलंगाशी जुळवून घेता येते. ते यायचं होतं त्या दोन दिवसांत घरात दुसरंच प्रकरण उपटलं. विनयानं बाळ जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुहूर्त लागल्याबरोबर, मोहरीची उशी शिवली होती. डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे ती देतात. पाव किलो मोहरी निवडून, उन्हात वाळवून, स्वतःच्या जुन्या इरकलीच्या तुकड्यात भरलेली. क्षितिजा म्हणाली, ‘‘आई, उशी नाही. वर्षभर कसलीच उशी नाही.’’ विनया म्हणाली, ‘‘मग तुझं डोकं गोल कसं झालं? आपोआप?’’ (मी सत्तावीस वर्षांत प्रथमच क्षितिजाचं डोकं त्या दृष्टीनं पाहिलं. चांगलं गोल आहे.) संध्याकाळी विनया स्वयंपाकघरात बसून उशीची शिवण उसवत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘डॉक्टर सांगतात ते बरोबरच असणार. मला आपलं वाटलं, माझ्या हातचं काहीतरी त्याच्याजवळ असावं.’’ त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणीला मोहरी जरा सढळ पडते आहे. मी तक्रार करत नाही. विनयाच्याच हातच्या गोधडीचं मात्र डॉक्टरीणबाईंनी तडजोडीनं मिटवलं: अंथरुणात नाही, पण आजीच्या मांडीवर, बाळ जागं असताना, हवी तितकी.

रविवारी खोकं आलं. जोडणीची पुस्तिका बारा भाषांत होती, पण त्या बाराही भाषांत फक्त चित्रंच. सूत्र थोड्या अक्षरांत असावं हे मला मान्य आहे; इथे अक्षरच नव्हतं. अडीच तासांत मी ते उभं केलं. मग पाहतो तर एक स्क्रू उरला. तू असतास तर हसून खिशात टाकला असतास. मला ते जमेना. दोन किलोचा जीव निजायचा आहे त्यावर! मी सगळं पुन्हा सोडवलं, पुन्हा जोडलं, आणि पुन्हा तोच स्क्रू उरला. तेव्हा विनयानं शेवटच्या पानावरचं चित्र दाखवलं: एक जादा स्क्रू देत असतात. हरवला तर म्हणून.

आणि मग, सर, ते आम्ही पलंगाकडे सरकवलं. या अंथरुणाचे पाय पुढे आलेले, लांब आणि चपटे असतात. ते मोठ्या पलंगाखाली शिरतात, म्हणून ते कलंडत नाही. मी खोलीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, गादीची उंची मोजली होती, क्षितिजाचा हातसुद्धा खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला होता. फक्त पलंगाखालची जागा मोजली नव्हती, कारण आमच्या पलंगाला खाली हा प्रकारच नाही. तो पेटीपलंग आहे. जमिनीला टेकलेला आणि गच्च भरलेला: पाहुण्यांच्या गाद्या, तांब्याचा बंब, विनयाच्या माहेरची परात, क्षितिजाच्या बारावीच्या वह्या आणि माझ्या पाणिनीवरच्या टिपणांचं एक बोचकं. फ्लॅट घेतला तेव्हा ‘जागा किती वाचते बघा’ म्हणून मीच हौसेनं निवडला होता. पाय पेटीला आपटले आणि थांबले. पलंग आणि बाळाचं अंथरूण यांच्यात नऊ अंगुळांची फट राहिली. (बोटं लावून मोजली, टेप विनयानं रागानं काढून घेतली होती.)

विनया म्हणाली, ‘‘गोधडी घट्ट कोंबू त्या फटीत.’’ क्षितिजा म्हणाली, ‘‘आई, त्या फटीचीच तर भीती असते. बाळ सरकतं आणि अडकतं.’’ मी करवत आणली. पण ज्यानं वस्तू बनवली नाही त्यानं तिचे पाय कापू नयेत, हे तू आठवीच्या मुलांना ओरडून सांगायचास ते आठवलं आणि करवत ठेवली. क्षितिजा टाक्यांमुळे पलंगाच्या मधोमध उताणीच आडवी झाली आणि तिनं हात लांबवला. बोटांची टोकं अंथरुणाच्या कडेला कशीबशी टेकली, आत पोचली नाहीत. हात मागे घेत म्हणाली, ‘‘राहू दे बाबा. मी बसून राहीन तिच्याजवळ. काही नाही होत.’’ टाके घातलेली मुलगी तीन महिने बसून राहणार! मी म्हटलं, आपण काहीतरी करू. काय करू ते सांगितलं नाही, कारण ते मलाही माहीत नव्हतं.

इतकंच. तुझ्याकडे काही मागायचं म्हणून लिहिलेलं नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार, चिरंजीव क्लिफर्डला आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक दे.

तुझा, सर्वत्र मोजमाप करून मोक्याच्या जागी चुकलेला,
रमेश

ता. क. तुमच्या मधल्या खोलीत उंच पायांचा सागवानी पलंग आहे ना? नाताळात आलो होतो तेव्हा त्याच्याखाली तू केळीचे घड पिकत घातले होतेस. म्हणजे त्याच्याखाली जागा आहे, आणि ती बरीच आहे. तीन महिन्यांसाठी तो मिळाला तर? तुम्ही कशावर झोपाल, हा विचार मी केला आहे. आमचा पेटीपलंग घेऊन जा. बंबासकट.

ता. क. २. (बुधवार.) वरचं सगळं रद्द समज. आज सकाळी नऊ वाजता क्लिफर्ड टेम्पो घेऊन खाली हजर! विनयानं कालच, मी आतल्या खोलीत तुला प्रस्तावना लिहीत असताना, रोझलिनवहिनींना फोन केला होता. माझं पत्र आठ पानांचं झालं. तिचा फोन दीड मिनिटाचा. वहिनी म्हणाल्या म्हणे, ‘‘अगो, मग अजून काय बघत बसलीस? पाठवते.’’ पलंग सुटा करून लिफ्टमधून आणला, पेटीपलंग बैठकीत हलवला (आता बैठकीत बसायला जागा नाही, फक्त झोपायला आहे). बाळाच्या अंथरुणाचे पाय तुझ्या पलंगाखाली सरळ आत गेले. उंची जुळवली, पट्टे ओढून बांधले. आता मध्ये पोस्टकार्ड शिरत नाही. मी प्रयत्न केला. क्षितिजा बघायला म्हणून आडवी झाली, हात लांबवून त्या रिकाम्या अंथरुणावर ठेवला, आणि तशीच झोपली. दोन तास. विनयानं कुकरची शिटीसुद्धा होऊ दिली नाही. आम्ही दोघं दारात उभे होतो. काही करत नव्हतो, नुसते उभे होतो.

ता. क. ३. क्लिफर्ड चहा घेतो आहे, त्याच्याच हाती हे पाठवतो. पाकीट चिकटवलं आहे, ते तूच फोड. खरं कारण आता लिहितो. परवा इस्पितळात सिस्टरनं बाळ माझ्यापुढे धरलं, ‘‘आजोबा, घ्या.’’ मी म्हटलं, मला सर्दी आहे. मला सर्दी नव्हती. क्षितिजा लहान होती तेव्हा तिला माझी आई घ्यायची, सासूबाई घ्यायच्या, मी वह्या तपासायचो. ती मान धरेपर्यंत मी तिला एकदाही उचललं नाही, आणि कोणी विचारलं नाही म्हणून ते खपून गेलं. शिशू, अर्भक, बालक यांतला भेद मी तुला तासभर सांगेन. पण कोणता हात खाली आणि कोणता वर, ते मला येत नाही. तू तीन पोरं आणि दोन नातवंडं वाढवलीस. शनिवारी दहालाच ये. केळी द्यायला आलो असं सांग. विनया स्वयंपाकघरात असेल तेवढ्यात दाखव. दोन किलो कणकेच्या पिशवीवर माझा सराव चालू आहे, पण पिशवीला मान नसते रे.